प्लॅस्टिकच्या डब्यातली सवत

नवऱ्यावरून कुणाचा हेवा करायची वेळ जैतूनवर कधी आली नाही. तो बिचारा लग्नानंतर आठव्या वर्षीच वारला. सवत तिच्या नशिबी आली ती पन्नाशी उलटल्यावर, कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावी, आणि तीही प्लॅस्टिकच्या डब्यातून.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून ती कतारला आली तेव्हा या घरची शफा चाळीस दिवसांची होती. तेव्हापासून सोळा वर्षं शफाच्या आईचं, सुमैया मॅडमचं, स्वयंपाकघर जैतूनच्याच ताब्यात. मचबूस, म्हणजे तिथला मटणाचा मसालेभात, ती असा करायची की पाहुणे बोलायचं विसरत. घरातले सगळे एकाच परातीभोवती बसून जेवत. परात परत आली की कोणाच्या बाजूला भातात केवढा खड्डा पडलाय ते पाहून जैतून ओळखायची, कोण किती जेवलं. शफाचा खड्डा सगळ्यांत खोल. याचा बाईला काय तोरा होता म्हणून सांगू!

मग एका लग्नात कुणीतरी शफाला म्हणालं, "माशाल्ला, तू तर आईपेक्षा भरलीस." महिन्याभरात दारात एका कंपनीचा डबा यायला लागला. उकडलेली कोंबडी, मूठभर पाला आणि झाकणावर कॅलरींचा आकडा. शफा तो शाळेत नेई. दुपारी घरी आली की "माझं झालंय, खाला," असं जैतूनला मावशीच्या नात्याने सांगून परातीजवळ नुसती बसे आणि आपल्यापुढचा भात हळूच धाकट्या भावाकडे सरकवी. डबा मात्र लख्ख रिकामा परत येई.

जैतूनचा नुसता जळफळाट झाला. मीठ नाही, मसाला नाही, आजाऱ्याचं जेवण, आणि पोरगी ते चाटूनपुसून खाते! एकदा तिने त्यातला तुकडा चोरून चाखला आणि थुंकून टाकला. एकदा शफाने सरबत मागितलं, तर म्हणाली, "त्या डब्यालाच माग." पोरगी जूनच्या उकाड्यात स्वेटर घालून फिरत होती, हातातली बांगडी पार कोपरापर्यंत चढत होती. जैतूनला ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिचं सगळं लक्ष त्या डब्यावर होतं.

घरचा ड्रायव्हर नसरुद्दीन रायगडचा. दुपारी तो चहाला स्वयंपाकघरात यायचा. एक दिवस पोटावरून हात फिरवत म्हणाला, "जैतूनबी, विजार आवळाया लागली बघ."

"का वो? एवढं काय खाताव?"

"शफाचा डबा. सकाळी गाडीतनं उतरताना मला देते, दुपारी रिकामा घेते. अन्न फुकट जायला नको म्हणते. तुला म्हायत नाय?"

जैतूनला आधी हसूच फुटलं. हरली, सवत हरली! तिच्याही वाट्याला पोरगी आली नाही! खुशीत तिने त्याच्या चहात चिमूटभर वेलची जास्त घातली. कप पुढे करता करता तिचा हात थांबला. डबा हा खातो. भात भाऊ खातो. मग पोरगी काय खाते?

चहा तसाच ठेवून ती जिन्याने वर धावली आणि सुमैया मॅडमच्या खोलीत, दार न वाजवताच, शिरली. मॅडम आधी चिडल्या. मग दोघी शफाच्या खोलीत गेल्या, आईने तिच्या अंगातला स्वेटर काढला, आणि बरगड्या पाहून लगेच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणाल्या, कॅलरींच्या आकड्याशी भांडण पुढे करू. आत्ता ती जे खाईल ते द्या, पण कुणीतरी शेजारी बसा. शफाने डबाच मागितला. डब्यावर किती ते लिहिलेलं असतं, म्हणाली, खालाच्या भातावर नसतं.

दुसऱ्या दिवशी जैतूनने ती फिक्की कोंबडी गरम केली, पाहुण्यांच्या बशीत काढली आणि समोर बसली.

"तू रागावणार नाहीस ना, खाला?"

"नाही गं," जैतूनने बेधडक खोटं सांगितलं.

शफाने एक घास घेतला. बऱ्याच वेळाने दुसरा. दोन्ही परक्या हातचे. जैतूनच्या छातीत जाळ उठला. मग तिने काटा उचलला आणि तिसरा घास आपल्या हाताने पुढे केला.

"यल्ला, चल," ती म्हणाली, "हा पण त्या डब्याचाच घे."