माझ्याच किल्लीचा सेल का संपायचा?

आधीच सांगते, मी या ग्रुपवर येते ती फक्त वाचायला. वाचून झालं की नवऱ्याला, समीरला, म्हणते, "लोक काय काय फेकतात बघ!" नोकरीने मी सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं मानणाऱ्यांतली. त्यामुळे आज लिहायला बसताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

आम्ही नोएडात, सेक्टर ७८ मध्ये, अकराव्या मजल्यावर राहतो. गाडी बेसमेंटमध्ये. माझी धाकटी बहीण मुग्धा फरीदाबादला असते, तिचा नवरा निखिल तिथे एका कारखान्यात मोठ्या पोस्टवर आहे. दोघी पुण्याच्या मुली लग्न होऊन दिल्लीकडे आल्या, याचं आईला केवढं कौतुक. "एकमेकींना आहात ना, मग मला काळजी नाही."

एकमेकींना आहोत म्हणजे काय, तर मी तिच्यावर जळते. लहानपणापासून. तिचे केस, तिचा गळा, तिच्या न फुटणाऱ्या पुरणपोळ्या. तिचा मुलगा कारलं खातो! तिची कामवाली सुट्टी घेत नाही! आई फोनवर माझी चौकशी करते आणि मग म्हणते, "मुग्धा बाई मजेत आहे हो..." जणू मजेत असणं हा तिने मिळवलेला नंबर आहे आणि मी नापास.

तिने पांढरी गाडी घेतली. मी समीरच्या मागे लागून तीच गाडी घेतली, फक्त एक मॉडेल वरचं, सनरूफवालं. दिल्लीत सनरूफ उघडून घेणार काय, धूर? पण घेतली. फोटो पाठवल्यावर आई म्हणाली, "मुग्धाचं बघून घेतलीस ना? छान केलंस."

आता मुद्द्याचं. दोन्ही गाड्यांना बटणवाली किल्ली. किल्ली पर्समध्ये असली की दाराला हात लावायचा, दार उघडतं. आत तो नाण्यासारखा चपटा सेल असतो, तो वर्ष-दोन वर्षं आरामात चालतो म्हणतात. माझा पंधरा-वीस दिवसांत संपायचा. कधी त्याहूनही लवकर.

मी टेस्टर, मी सोडते की काय! आधी सेलचा ब्रँड बदलला. मग आतल्या पत्र्या स्पिरिटने पुसल्या. सर्व्हिस सेंटरला गेले, तिथला माणूस म्हणाला, "मैडम, चाबी गाड़ी के पास रखती हो क्या? दोनों आपस में बात करती रहती हैं, सेल पी जाती हैं।" म्हटलं, भैया, मी अकराव्या मजल्यावर, गाडी बेसमेंटमध्ये. मग म्हणाला मोबाईलजवळ नका ठेवू, वायफायजवळ नका ठेवू. नाही ठेवली. मग म्हणाला एखादं बटण दाबलेलं राहत असेल. उघडून पाहिलं, सगळं ठीक. शेवटी नवी किल्ली करून घेतली... तिचीही तीच कथा. मग मी ती स्टीलच्या डब्यात घालायला लागले, झाकण घट्ट लावून, म्हणजे सिग्नल आतही नको आणि बाहेरही नको. तरी सेल संपला.

समीर म्हणायचा, "पर्समध्ये तूच दाबत असशील यार." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एकदा न राहवून मुग्धाला फोनवर विचारलं, "तू सेल कधी बदललास गं?"

"सेल?" ती म्हणाली. "त्यात सेल असतो होय?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे हिला हे माहीतही असायची गरज नाही!

जानेवारीत आमच्या महाराष्ट्र मंडळाची मंडळी पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकावर, गेली होती, दरवर्षी जातात तशी. आम्हीही गेलो, मुग्धा तिच्या गाडीतून, आम्ही आमच्या. परत निघताना माझी गाडी उघडेना. सकाळी तर ठीक होती. सगळी मंडळी बघतायत, मी किल्लीच्या पोटातून ती लपवलेली छोटी चावी काढून दाराशी झटतेय, आणि शेजारीच मुग्धाची गाडी 'टुक' करून लाडात उघडली. ती हसत म्हणाली, "ताई, तुझ्या गाडीला तू आवडत नाहीस." सगळे हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत दातांवर दात दाबून होते.

मग यंदाचा जून. इथला जून ज्याने काढलाय त्यालाच कळेल – दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी घरून काम करत होते. सकाळीच नवा सेल घातला होता आणि किल्ली डब्यात न टाकता मुद्दाम लॅपटॉपशेजारी ठेवली होती. म्हटलं, आज डोळ्यांसमोर राहू दे, बघतेच.

आणि दिसलं. किल्लीवरचा तो बारीक लाल दिवा लागला.

बटण दाबलं की तो एकदा लुकलुकतो. मी हात लावला नव्हता. तो लागला, विझला, लागला, विझला... घाईघाईने कुणीतरी दाबत सुटावं तसा. मी किल्ली उचलली तर गरम लागली. सेल काढायला नखाने झाकण उचकटायला लागले, निघेना. दिवा फिका होत होत गेला आणि बंद पडला.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. आणि राग आला की मी काय करते? मुग्धाला फोन करते. तिचं सगळं कसं नीट चालतं आणि माझं कसं नाही, हे तिलाच ऐकवायला.

बराच वेळ रिंग वाजली. मग तिचा आवाज आला, जड, झोपेतून उठल्यासारखा.

"ताई... तू खाली आली आहेस का?"

"कुठे खाली? मी नोएडात आहे, घरी."

"मग माझी गाडी कोण उघडतंय?"

"कोण म्हणजे?"

"मी आत बसलेय. मी लॉक करते, ते परत उघडतं. परत परत. आत्ता थांबलं."

"आत बसलीस? एसी लावून ना?"

फोनमध्ये एसीची घरघर ऐकू येत नव्हती.

"मुग्धा, गाडी चालू आहे का?"

"नाही."

"काचा?"

"...वर आहेत."

या उन्हात, बंद गाडीत! मी इतकी ओरडले की आतल्या खोलीतून माझी मुलगी धावत आली. "दार उघड आणि बाहेर हो! आत्ताच्या आत्ता! फोन चालू ठेव!" दार उघडल्याचा आवाज आला, मग कुणा गार्डचा, "अरे मैडम, क्या हुआ, पानी लाऊँ?" तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. मी कॅब करून फरीदाबादला निघाले. निखिलला वाटेतूनच कळवलं, तो माझ्या आधी पोचला होता.

मुग्धा गार्डच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. माझी सुंदर बहीण. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली.

रात्री आम्ही दोघीच बसलो तेव्हा ती बोलली. तिला बरेच महिने काही बरं वाटत नव्हतं. निखिल चांगला, मुलगा चांगला, घर चांगलं... आणि तिला सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. मुलगा शाळेत गेला की ती खाली गाडीत जाऊन बसायची. "घरात सगळं इतकं छान लावलेलं असतं ना ताई, तिथे रडायला जागाच नाही. आणि आईला, तुम्हाला, सगळ्यांना मी मजेतच लागते."

"पण काचा का वर केल्यास? काय करणार होतीस?"

"काही करणार नव्हते. उठायचंच नव्हतं, एवढंच."

मग तिने सांगितलं की असं आधीही झालंय. ती फार वेळ बसली, फार खोल गेली, की दारं आपोआप उघडायची, दिवे चमकायचे, गार्ड बघायला लागायचा आणि मग तिला लाजेकाजेने उतरून वर जावं लागायचं. "गाडी बिघडलीय हे मी तुला मुद्दामच सांगितलं नाही. तू खूश झाली असतीस."

मी विचारलं, कधी कधी झालं? तिला नीट आठवत नव्हतं. पण एक पक्कं आठवत होतं – काला अंबला. सगळे स्मारकाजवळ होते तेव्हा ही एकटी गाडीत जाऊन बसली होती. त्यानंतर थोड्याच वेळाने माझी किल्ली मेली होती.

दुसऱ्या दिवशी समीर माझी गाडी आणि किल्ली घेऊन आला, आणि मी माझ्यातली टेस्टर जागी केली. नवा सेल घातला, तिच्या गाडीला चिकटून उभी राहिले, सगळी बटणं दाबली. काही नाही. तिच्या किल्लीने माझी गाडी? काही नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस हसला. "मैडम, बगल वाली गाड़ी भी नहीं खुलती, आप फरीदाबाद की बात कर रही हो!"

मुग्धाचे उपचार चालू आहेत. डॉक्टरीणबाई चांगल्या मिळाल्या. आई पुण्याहून येऊन दोन महिने तिच्याकडे राहिली – माझ्या बाळंतपणाला ती इतकी राहिली नव्हती. निखिल आता तिला दुपारी फोन करतो. ती सावरतेय, परवा फोनवर गुणगुणत होती. जून संपला, दिवाळी गेली, आणि माझ्या किल्लीत अजून तोच सेल आहे.

समीर म्हणतो योगायोग. असेल. माझ्याकडे दुसरं काही नाही, कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

मला मात्र एक गोष्ट छळते, आणि ती मी मुग्धालाही सांगितलेली नाही. ऑफिसमधून आल्यावर कधी कधी मीही बेसमेंटमध्ये गाडी बंद करून तशीच बसून राहते. वर जावंसं वाटत नाही. दारं लॉक असतात. मी वाट बघते.

आजवर एकदाही उघडलेली नाहीत.