बाज टाकायची नाही

पहिल्याच भेटीत मार्थामायनं मला हाकलून दिलं. निदान मला तरी तसं वाटलं. मंगरूळपीरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मी नगरकडून नुकतीच येऊन रुजू झाले होते. शाळेच्या कुंपणाला लागूनच तिचा भाजीचा मळा. संध्याकाळी मी सांभार आणायला गेले. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात, हेही मला त्याच दिवशी कळलं होतं. वांग्यांच्या ओळीत एक हाडापेरानं मोठी, सावळी बाई निंदत बसली होती. ती एकाएकी ताठ झाली, खुरपं वर करून माझ्याच दिशेनं बघत म्हणाली, "कोन होय? उभ्यानंच बोल. बाज टाकत नाई मी. नाई म्हनलं ना? मंग जाय!"

मी पिशवी आवळली आणि मुकाट्यानं वळले. फाटकापर्यंत पोचते तोच मागून हाक आली, "ओ बाई! तुमाले नाई जी! तुमी या. थो दुसराच होता."

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं चिटपाखरूही नव्हतं. ही बाई वेडी आहे, अशी माझी खात्री पटली आणि सांभार घेऊन मी घाईघाईनं घरी आले.

'दुसरा' म्हणजे मनात आलेला वाईट विचार, हे कळायला मला महिना लागला. गावाला त्याचं काहीच नवल नव्हतं. बाजारात वांगी मोजता मोजता, विहिरीवर, प्रार्थनेला बसल्यावरसुद्धा मार्थामाय मध्येच थबकायची आणि दाराशी कुणी आल्यासारखी त्याची विचारपूस करायची. मी एकदा तिला म्हटलं, "अहो, मनातल्या मनात बोलावं. लोक हसतात."

"मनातल्या मनातच तं त्याचं फावते," ती म्हणाली. "हे पाहा बाई, दारात आला म्हंजे पाप नोय. वाट सगळ्याइची हाय, कोनीबी येईन. परभूकडे नाई आला का थो? भुकेल्या पोटी, रानात, एकटं पाहून आला. परभूनं त्याले उभ्यानंच वापस लावलं. आपन काय करतो? आंगनात बाज टाकतो. बाज टाकली का थो बसते, बसला का पानी मांगते, पानी पेला का जेवल्याबिगर उठत नाई."

"पण तो वाईट आहे हे ओळखायचं कसं?"

"थो आपलं नाव सांगत नाई. 'मी सैतान होय' म्हनत आला असता तं कोनं घरात घेतला असता त्याले? थो म्हनते, 'मार्था, तुहंच खरं हाय.' एवढं गोड कोनी बोललं का समजाचं, हा थोच."

माझे वडील उपदेशक. लहानपणापासून मोह आणि परीक्षा यांवरची प्रवचनं ऐकत मी वाढले. पण माझ्या डोळ्यांपुढचा सैतान कायम शिंगं असलेला, लांबून ओळखू येणारा. तो आपल्याच आवाजात आपलीच बाजू घेऊन बोलतो, ही कल्पना मात्र मला फार दिवस सोडेना.

पाहुण्याला नुसतं घालवून तिचं भागत नसे. रिकाम्या घरात तो सोबती घेऊन परत येतो, असं ती म्हणायची. म्हणून ज्याच्याबद्दल मनात वाईट आलं, त्याच्या घरी ती लगेच मेथीची नाहीतर सांभाराची जुडी पोचती करायची. यात लपवाछपवी नव्हती. त्यामुळे व्हायचं असं, की मार्थामाय फुकटची जुडी घेऊन दारात उभी राहिली की घरातली बाई कमरेवर हात ठेवून विचारायची, "काहून व मार्था, आज काय आलं माह्याबद्दल मनात?" आणि ही निमूटपणे सांगून टाकायची. एकदा मलाही मिळाली. मी म्हणे भाव करताना फार घासाघीस करते. मी जुडी घेतली आणि पुढचे आठ दिवस मुकाट्यानं ती सांगेल तो भाव दिला.

सगळ्यात जास्त जुड्या जायच्या त्या मात्र एकाच माणसाच्या नावानं. तो तिचा दीर, किसनाजी.

मार्थामाय आणि तिचा नवरा याकोब हे मूळचे माळी. दोघांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावाभावांची वाटणी झाली. जमीन वाटता आली, विहीर कशी वाटणार? मग पाळी ठरली. दुपारपर्यंत किसनाजीची मोट, दुपारनंतर हिची. मोट, बैल, नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, हे सगळं ज्याचं त्याचं. ही बाटलेली, म्हणून तिनं त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही. बैल उतरतात त्या धावेवर किसनाजी रोज सकाळी गोमूत्र शिंपडायचा आणि मगच मोट धरायचा. मार्थामाय म्हणायची, "शिंपू द्या. माही बी धाव फुकटात शुद्ध होते."

तो तिच्याशी बोलतही नसे. काही सांगायचं असलं तर आपल्या बैलाला सांगायचा. "सोन्या, सांग तिले, पान्याचा दांड फुटला हाय." हीही काही कमी नव्हती. "सोन्या, सांग तुह्या धन्याले, म्या कवाच बांधला." मध्ये उभा असलेला सोन्या शांतपणे रवंथ करत असायचा.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण याकोब वारला त्या दिवशी किसनाजी सख्ख्या भावाच्या मातीला आला नाही. ते एक सोडा. ही नवऱ्याला पुरून घरी आली तर विहिरीवर मोट चालूच होती. ऐन उन्हाळ्याचे दिवस, पाळी हिची, आणि पाणी दिवस मावळेपर्यंत त्याच्या उसात जात होतं. हिचे वाफे करपले. मला हे सांगताना तिचा आवाज बदलला. "थ्या दिसापासून एक पाहुना रोज येते, बाई. एक दिस चुकत नाई."

त्या पाहुण्यापायी ती रोज एक जुडी विहिरीच्या काठावर ठेवायची. किसनाजी ती पायानं ढकलायचा आणि सोन्या खाऊन टाकायचा. साऱ्या गावात किसनाजीच्या बैलांएवढे तुकतुकीत बैल नव्हते.

पुढच्या चैत्रात एकदा मी दिवेलागणीच्या आधी मळ्यात गेले. विहिरीजवळच्या बाभळीला किसनाजी आपला नाडा टांगून ठेवायचा. मार्थामाय त्या बाभळीपुढे उभी होती. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. मी जवळ जाऊन पाहिलं तर तिचे ओठ घट्ट मिटलेले. ती कुणाला हाकलत नव्हती, कुणाला काही विचारत नव्हती. आजवर तिच्या बडबडीला मी हसले होते, पण आता ती पुन्हा सुरू व्हावी असं मला वाटलं.

"मार्थामाय, काय झालं?"

"आज थो बसला, बाई," ती हळूच म्हणाली. "पानी बी पेला."

तिनं बोट दाखवलं. तेलकट हातांनी हाताळून हाताळून नाड्याला वास लागला होता आणि उंदरांनी तो आतल्या बाजूनं कुरतडला होता. वरून मातीचा थर, त्यामुळे सहज दिसणारं नव्हतं. धावेवरून बैल खाली जाताना मोट हाकणारा वजन पडावं म्हणून नाड्यावर बसतो. भरल्या मोटेला नाडा तुटला तर तो माणूस कुठे फेकला जाईल ते सांगता येत नाही, आणि धाव संपते तिथं विहिरीच्या दगडांचा ढीग होता.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"म्हनते, तुले काईच करायचं नाई. नाडा तुहा नाई, उंदीर तुहे नाई. फकस्त गप राह्य. गप राह्यनं काई पाप हाय का?"

मी म्हटलं, "मी जाते. आत्ता जाऊन सांगून येते किसनाजींना."

तिनं माझा हात धरला. "तुमी सांगसान तं त्याचा जीव वाचते. माहा नाई वाचत."

मग ती ओल्या वाफ्यातच गुडघ्यांवर बसली. मीही बसले. तिच्या प्रार्थना एरवी लांबलचक असायच्या, साऱ्या गावाची नावं घेणाऱ्या. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "परभू, बाज मीच टाकली. आता माह्यानं थो उठत नाई. तूच उठव त्याले."

सकाळी उजाडता उजाडता मी विहिरीवर गेले तर ती माझ्या आधीच तिथं होती. किसनाजी बैल घेऊन आला, गोमूत्र शिंपडलं, नाडा काढला.

"सोन्या," मार्थामाय म्हणाली, "सांग तुह्या धन्याले, नाडा कुरतडला हाय. आज मोट धरू नोको."

किसनाजीनं नाड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोन्या, सांग तिले, पाळी लाटाचं हे नवं सोंग मले समजते." त्यानं नाडा जोडला, मोट विहिरीत सोडली आणि बैलांच्या मागं जाऊन उभा राहिला.

तेव्हा मार्थामाय धावेवर चढली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा नाडा धरला.

इतक्या वर्षांत तिनं त्याच्या साध्या चऱ्हाटालाही बोट लावलं नव्हतं. किसनाजी जागीच थिजला. "बाटवला! माहा नाडा बाटवला!" आणि मग, कितीतरी वर्षांनी, तो सरळ तिच्याशीच बोलला. "सोड!"

"सोडत नाई. बाटला ना? आता तुले थो चालत नाई. फेकून दे."

त्यानं नाड्याला हिसका दिला. तिनं उलट ओढला. दोघंही माळी, दोघांच्याही मनगटात जन्मभराचा जोर. दुसऱ्या हिसक्याला नाडा त्याच जागी कटकन तुटला. किसनाजी धावेवर उताणा पडला, मार्थामाय मागच्या चिखलात फतकल मारून बसली आणि मोट विहिरीच्या तळाशी गेली. सोन्यानं मान वळवून दोघांकडे पाहिलं.

किसनाजी उठून बसला. तुटलेलं टोक त्यानं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग धावेच्या शेवटाला पडलेल्या दगडांकडे पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "हे तुले कवा दिसलं?"

"काल सांजीले."

"मंग कालच काहून नाई सांगतलं?"

मला वाटलं, आता ही काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं तोंडावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "काल मले वाटे, तू मेला तं बरं."

किसनाजीनं मान खाली घातली. "आन आज?"

"आज नाई वाटत."

ती घरी गेली, आपला नाडा आणला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला. गोमूत्राचं भांडं तिथंच होतं. किसनाजीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नाड्याकडे. मग नाडा उचलला, गळ टाकून मोट वर काढली, जोडली आणि "सोन्या, चाल" म्हणाला. त्या दिवशी त्यानं नाड्यावर काही शिंपडलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचा नवा नाडा आणला आणि पुन्हा नेमानं गोमूत्र शिंपडू लागला, हेही सांगायला हवं. पण जुड्या आता तो घरी न्यायचा. सोन्याचं तेवढं नुकसान झालं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत मार्थामायची तोंड भरून स्तुती केली. सगळे माना वळवून तिच्याकडे पाहत होते आणि ही एकदम ताठ होऊन मोठ्यानं म्हणाली, "कोन होय? उभ्यानंच बोल!" पाळकसाहेब दचकून थांबले, मुली फिदीफिदी हसल्या. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "हा पाहुना सगळ्याइत गोड, बाई. देवाच्या घरातून माह्यासंगंच बाहीर निंघत होता."

ती थकली तेव्हा मी एकदा विचारलं, "आता तरी यायचा थांबला का तो?"

"थांबते कायचा? वाट पाठ हाय त्याले," ती हसून म्हणाली. "पन आता दुरूनच इचारते, 'हाय का जागा?' आन वापस जाते."

महायुद्ध सुरू झालं त्या हिवाळ्यात ती तापानं गेली. जाताना तिला कसलीही भीती नव्हती. मला मात्र आई गेल्यासारखं झालं, आणि अजूनही मेथीच्या वासानं कधी कधी होतं. आम्ही तिला याकोबशेजारी पुरलं. किसनाजी आला होता. कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत नाही आला, बाहेरच चिंचेखाली पागोटं काढून उभा राहिला. माती झाल्यावर पाहिलं तर तो निघून गेला होता.

आम्ही परतलो तेव्हा दुपार कलली होती. शाळेजवळ आले आणि विहिरीवरून चाकाची करकर ऐकू आली. मोट चालू होती. तिची पाळी, तिच्याच मातीचा दिवस, आणि पुन्हा तेच! माझं डोकं भणाणलं. 'बघ, माणूस बदलत नसतो. तुझंच खरं होतं,' असं मनात कुणीतरी अगदी समजुतीनं म्हणालं.

तुझंच खरं! मी तिथंच थांबले आणि भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाले, "कोन होय? उभ्यानंच बोल." दर्ग्याकडून येणारे दोघे जण माझ्याकडे बघतच राहिले. मी तशीच मळ्यात शिरले.

पाणी मार्थामायच्या वाफ्यांत चाललं होतं. मेथी भिजून हिरवीगार झाली होती. नवा नाडा, सोन्या, आणि नाड्यावर बसलेला किसनाजी. मला पाहून त्यानं बैल थांबवले.

"पाळी तिची होती," तो म्हणाला. "वाफे सुकले असते."

तो खाली उतरला, वाफ्यातली मूठभर मेथी उपटली, केळीच्या सोपटानं तिची जुडी बांधली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या मास्तरीनबाई. तुमाले येतानी पायलं, तं मनात आलं, हे आता म्हनन का किसन्या पानी चोरून राह्यला. उगाच वाईट आलं तुमच्याबद्दल."

मी दोन्ही हातांनी ती जुडी घेतली. मग वाफ्यात वाकले, दुसरी जुडी उपटून बांधली आणि किसनाजीच्या हातात दिली.