निजलेली जमीन

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती होती तोवर सांगता आलं असतं. आता पनवेलजवळ करंजाड्यात, या चौथ्या मजल्यावर बसून लिहितोय, कारण मागच्या आठवड्यात सोसायटीनं मला शाल दिली.

शाल कशाबद्दल? मराठी भाषा दिन होता. मी गावाकडच्या विसरलेल्या शब्दांवर बोललो. राब म्हणजे भाताची रोपं करण्याआधी पालापाचोळा जाळून भाजलेली जागा, उडवी म्हणजे भाताच्या भाऱ्यांची रास — असं बरंच. टाळ्या पडल्या. "काका, तुम्ही अगदी अस्सल गावाकडचे हो!" एक बाई म्हणाल्या. अस्सल! मी हसलो. एक शब्द मी मुद्दाम गाळला होता.

एका शब्दाचं इतकं काय, असं वाटेल तुम्हाला. थांबा.

मी पनवेलच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मूळचा डोंगराखालच्या गावचा, पण ते कोणाला कळू दिलं नाही. नवीन असताना तोंडातून एकदा 'नाय' निघालं, तर समोरच्या टेबलावरचा ओरडला, "आला बघा गावंढळ!" सगळे हसले. तेव्हापासून मी जीभ घासून घेतली. 'हाय'चं 'आहे' केलं, 'आमी'चं 'आम्ही'. गाव विचारलं की पनवेल सांगायचं. वडील डबा घेऊन आले तर त्यांना बाहेरच — नाही, ते वेगळं. आधी हे.

एकदा डोंगरउतारावरच्या जमिनीची पाहणी निघाली. कोण कसतं, काय पिकतं, ते लिहायचं होतं. साहेब दूरच्या शहरातले, नवे. माणूस वाईट नव्हता — हे मुद्दाम लिहितो. त्यांनी दरडावलं असतं तर आज मला किती सोपं झालं असतं!

उतारावर नुसतं गवत होतं, आणि गवतात नागीबाय उभी होती. आमच्या गावालगतच्या आदिवासी वाडीतली. तिच्या सासऱ्यापासून तिथं नाचणी व्हायची, पण कागदावर कोणाचंच नाव नव्हतं. माझ्या लहानपणी ती आमच्या शेतात लावणीला यायची. साहेबांना म्हणाली, "निजलीय ती. नाचनी झाली, वरी झाली, दमली. दोन वर्सांनी उठंल." साहेबांना कळेना. तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "ह्यो बाल्या सांगंल की! सांग ना रं सायबाला."

साहेब माझ्याकडे वळले. खरोखरच विचारत होते — जमीन निजते म्हणजे काय?

मला ठाऊक होतं. शालीच्या दिवशी गाळला तो हाच शब्द. माझे वडीलही वरच्या तुकड्यात तीन वर्षं पीक घेत, मग जमिनीला विसावा देत. तेव्हा तिला कोणी पडीक म्हटलं तर चिडायचे — निजलेल्या माणसाला मेला म्हणशील का? दोन वाक्यांचं काम होतं. पण समोरच्या टेबलावरचा तो मागे टेप धरून उभा होता, हसू दाबत. 'बाल्या' त्यानं ऐकलं होतं.

मी म्हणालो, "मी पनवेलचा, साहेब. ही बाई कोण, मला माहीत नाही."

"मग लिहायचं काय?"

"पडीक."

आणि माझ्याच अक्षरात लिहिलं — पडीक, गवताळ, कोणी कसत नाही. नागीबायला वाचता येत नव्हतं. ऐकू येत होतं.

त्या नोंदीवर पुढचं सगळं ठरलं; कसणारी म्हणून नागीबायचं नाव लागलं नाही, जमीन हातची गेली. आज तिथं फार्महाऊस आहेत, फाटकांवर हौसेनं गावरान नावं लावलेली. वाडी वीटभट्ट्यांवर पांगली. नोंद चुकीची आहे असा अर्ज करता आला असता — आणि तो कसा लिहायचा हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? निवृत्त होईपर्यंत लिहिला नाही.

ती मला नंतर एकदाच दिसली, पनवेलच्या एसटी स्टँडवर. डोक्यावर बोचकं, मागे सून, सुनेच्या हातात भांडी. भट्टीच्या हंगामाला निघाली होती. तिनं मला ओळखलं. तिची नजर माझ्यावर थांबली होती, म्हणून सांगतो. मला वाटलं, शिवी देईल. निदान बाल्या म्हणेल.

"सायेब," ती म्हणाली, "ही गाडी पेनला जाते का?"

मी पाटी वाचली. जाते, म्हणालो.