भागीमावशीने न कळवलेली बातमी

या ब्लॉगवर मी सहसा किल्ले, धबधबे आणि चांगली मिसळ कुठे मिळते एवढंच लिहिते. सुरगाण्याचा प्रवासही तसाच लिहायचा, असं ठरवून निघाले होते. परत आल्यावर लक्षात आलं की तो तसा लिहिता येणार नाही. म्हणून इतके दिवस इथे काही टाकलं नाही. पाड्याचं नाव देत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं घडलं तसं.

जायचं कारण असं. माझी आई अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा तिचं सगळं भागीमावशीने केलं. मावशी सुरगाणा तालुक्यातल्या एका डोंगरी पाड्यावरची. नवरा फार पूर्वी वारलेला, एकुलता एक मुलगा रोशन. नाशिकला आमच्या घरीच राहायची. आईला पुसायची, भरवायची आणि संध्याकाळी उशाशी बसून आपल्या बोलीत प्रार्थना करायची. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, मावशी दहा-बारा वर्षांपूर्वी विश्वासात आलेली. तरी आमच्या घरात देवाशी माणसासारखं बोलायची ती एकटीच.

आई गेली त्या दुपारीही मावशी प्रार्थनाच करत होती. मी तिच्यावर ओरडले, "बंद करा ते. कोण ऐकतंय?" ती गप्प झाली. दफनविधी उरकला आणि चार दिवसांनी ती गावी निघून गेली. या गोष्टीला दीड वर्ष झालं. तेव्हापासून नाताळ सोडला तर मी चर्चची पायरी चढले नव्हते. देवाशी माझं काही भांडण नव्हतं, मी नुसतं बोलणं सोडलं होतं. पण मावशीची माफी मागायची राहून गेली होती, ते मात्र खात होतं. तिचा फोन लागेना, म्हणून नवऱ्याला, सुधीरला म्हटलं, सरळ जाऊनच येऊ.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सातला निघालो. पंचवटीतून भाजी आणि फळं घेतली, दिंडोरी नाक्याजवळ भत्त्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या कुरमुऱ्यांच्या चिवड्याच्या, दोन पिशव्या घेतल्या. रोशनसाठी आदल्या दिवशीच एक निळा शर्ट घेऊन ठेवला होता. मावशीच्या बोलण्यात तो इतका असायचा की मी त्याला दोनदाच पाहिलं होतं हे खरं वाटत नसे. बावीस वर्षांचा, लाजरा, हसताना तोंडावर हात धरणारा.

दिंडोरीपर्यंत रस्ता उत्तम आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, तोडणी ऐन भरात. मजुरांनी भरलेले पिकअप एकामागून एक सुसाट जात होते. बायका मागे उभ्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. मी काचेतून दोन-तीन फोटोही काढले. ते आता फोनमधून काढून टाकले आहेत.

वणीला चहा घेतला. गडावर जाणाऱ्या भाविकांची गर्दी होती. तुम्ही या बाजूला येणार असाल तर पेट्रोल इथेच भरा, रोख पैसेही इथेच काढा, पुढे भरवसा नाही. वणी सोडलं की डोंगर जवळ येऊ लागतात आणि बोरगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी विकणाऱ्या बायका दिसतात. महाबळेश्वरइतकी मोठी नसते, पण चव जास्त आंबटगोड. बोरगावनंतर फोनची रेंज गेली. शेवटचे तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता. आमची गाडी खाली घासायला लागली, तेव्हा शाळेपाशी लावली आणि पिशव्या घेऊन चालत निघालो.

मावशीचं घर पाड्यापासून जरा बाजूला, उतारावर. कुडाच्या भिंती, वर कौलं, समोर सारवलेलं अंगण, त्याखाली भाताची कापलेली शेतं. मला बघून मावशी दारातच थांबली. मग पुढे आली आणि माझे दोन्ही हात धरले. फार वाळली होती. मी म्हटलं, "मावशी, केवढ्या बारीक झालात." ती नुसती हसली, आम्हाला घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं, चूल पेटवली.

मी पिशवीतून शर्ट काढला आणि विचारलं, "रोशन कुठंय?"

"शेतात हाय," ती म्हणाली आणि चुलीपासून न उठता हाताने खाली दाखवलं.

मी उठून अंगणाच्या कडेला गेले. हाक मारावी म्हणून शर्ट वर धरला. शेतात माणूस नव्हतं. बांधालगत मातीचा लांबट ढीग होता, त्यावर दगड रचलेले आणि डोक्याशी दोन फांद्या बांधून केलेला क्रूस.

मला समजायला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. मागे वळले तेव्हा मावशी उभी होती. तिने माझ्या हातातून शर्ट घेतला, घडी मोडली होती ती नीट केली आणि घरात ठेवून आली.

मग तिने सांगितलं. रोशन द्राक्षतोडणीला गेला होता. कामावर नेणारा पिकअप घाटात उलटला. बाकीच्यांना मार लागला, हा एकटाच गेला. महिनाही झाला नव्हता. त्याला घरी आणलं तर पंच म्हणाले, तुम्ही आपले देव सोडले, आपल्या मसणात जागा नाही. मावशी ख्रिस्ती झाल्यापासून विहिरीचं पाणी बंद होतंच, लग्नाकार्याचं बोलावणंही. पाड्यावर अशी पाच घरं. त्या पाच घरांतल्या माणसांनी तिच्या शेतात खड्डा खणला. ती सांगत असताना सुधीर बाहेर जाऊन उभा राहिला होता.

"मला कळवलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुमी आधीच देवावर रुसल्यात ताई. ह्ये ऐकलं असतं तं अजून लांब गेल्या असत्या."

या वाक्याने मी जेवढी हादरले, तेवढी त्या ढिगाने हादरले नव्हते. पोटचा मुलगा मातीत घालून ही बाई माझ्या विश्वासाची काळजी करत बसली होती. आणि मी दीड वर्षाने एका शर्टाची घडी घेऊन माफी मागायला आले होते. मी माफी मागितली. ती म्हणाली, त्या दिवशी तुमचं मन फुटलं होतं, त्यात काय. आणि नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी समोर ठेवली. मी जेवले कशी, आठवत नाही. चटणी तिखट होती एवढं आठवतं.

दुपारी तिच्याबरोबर पाणी आणायला गेले. विहीर घरापासून पाच मिनिटांवर आहे. आम्ही तिच्यावरून पुढे गेलो, डोंगराच्या घळीतल्या झऱ्यापर्यंत, जाऊन-येऊन तासाभराची वाट. विहिरीवरच्या बायकांनी आमच्याकडे पाहिलं, एकीने मान खाली घातली. ती मावशीची थोरली जाऊ होती, असं मावशीने पुढे गेल्यावर सांगितलं.

झऱ्यावर हंडा भरेपर्यंत बसलो, तेव्हा मी विचारलंच. एवढं झाल्यावर तिला देव आहे असं अजून कसं वाटतं?

मावशीने हंडा धारेखाली सारखा केला. मग सांगू लागली. रोशनला मातीत घातल्यावर आठ-नऊ दिवस ती प्रार्थनेला बसलीच नाही. लोक अंगणात जमायचे, गाणी म्हणायचे, ती घरात पाठ करून पडून राहायची. एकदा सगळे गेल्यावर ती त्या ढिगापाशी गेली आणि तोंडात येतील त्या शिव्या तिने देवाला दिल्या. घसा बसेपर्यंत.

"मंग दमले आन बसले. तवा ध्यानात आलं, ताई. तो नसता तं मी शिव्या कोणाला देत व्हते? आन त्यानं समदं ऐकून घेतलं. उठून गेला नाय."

माझ्या शिकलेल्या, चार पिढ्यांच्या विश्वासात देवाला शिवी द्यायची सोय नव्हती. मी त्याला सभ्यपणे सोडून आले होते.

रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अंगणात पाच घरांतली माणसं जमली, पंधरा-वीस असतील. डफ होता. गाणी त्यांच्या बोलीतली, मला अर्धी कळली. मावशीने वचन वाचलं, हळूहळू, शब्दाखाली बोट धरून. संपता संपता एक उंच, वयस्कर माणूस वर आला आणि अंगणाबाहेरच थांबला. डफ थांबला. तो काशिनाथदादा, मावशीचा थोरला दीर आणि पंचांपैकी एक. मला वाटलं आता भांडण होणार. सुधीरही उठून उभा राहिला.

पण तो भांडायला आला नव्हता. त्याने आठवड्यापूर्वी मावशीला एक निरोप धाडला होता आणि आता उत्तर न्यायला आला होता. तिने परत आपल्यात यावं, मग विहीर मोकळी, भाऊबंदकी मोकळी, आणि रोशनच्या स्मरणाचा दगडी चिरा वाडवडलांच्या चिऱ्यांशेजारी बसवायचा. हे तो अडखळत, जमिनीकडे बघत बोलला. शेवटी म्हणाला, "पोरगा एकटा पडलाय भागी. आजा-पणजा तिकडं, आन हा हिकडं शेतात. मला झोप नाय लागत."

तोपर्यंत माझ्या मनात या माणसाबद्दल नुसता संताप होता. पुतण्याला जागा नाकारणाऱ्या पंचांतला हा. आणि त्याच पुतण्यासाठी याला झोप नव्हती. मला काय वाटून घ्यावं तेच कळेना.

मावशीने पदर सारखा केला. "दादा, मी येशूला सोडायची नाय. पानी झऱ्याचं आनीन, जमंल तवर. पन रोशनला तुमीच खांद्यावर खेळवलं. तुमाला रडायचं आसंल तं माझ्या शेतात या. हितं कोन आडवनार नाय."

तो उभाच राहिला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि आल्या वाटेने खाली उतरला. शेताच्या बाजूला वळला नाही. मावशी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती, मग आत जाऊन भिंतीला टेकून बसली आणि लहान मुलासारखी रडली. विश्वास बळकट असला की माणूस मोडत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या सकाळी माझ्यासमोर ती पार मोडली होती. तरी थोड्या वेळाने उठली, तोंड धुतलं आणि थांबलेल्या माणसांना म्हणाली, शेवटचं गाणं राहिलंय.

दुपारी निघालो. मावशीने तांदूळ बांधून दिले, नको म्हटलं तरी. दिंडोरीच्या अलीकडे समोरून भरलेला पिकअप आला, तेव्हा सुधीरने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि तो जाईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसला.

घरी आल्यावर दोन दिवस मी नेहमीसारखी कामाला गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या खोलीत कपडे आवरत होते आणि अचानक मोठ्याने बोलायला लागले. आईला दोन वर्षं तसं का ठेवलंस, इथपासून सुरुवात झाली. रोशनचं विचारलं, झऱ्याच्या वाटेचं विचारलं. आवाज ऐकून सुधीर दारापर्यंत आला आणि परत गेला. उत्तर वगैरे काही आलं नाही. पण दीड वर्षांनी मी देवाशी बोलले होते, आणि मी भिंतीशी बोलतेय असं मला एकदाही वाटलं नाही.

लोक विचारतात, तो भाग फिरायला कसा आहे. सुंदर आहे. थंडीत जा, गाडी उंच असेल तर बरं, पाणी सोबत ठेवा.

परवा मावशीचा फोन आला, बोरगावच्या बाजारातून. विहीर बंदच आहे म्हणाली. पण काशिनाथदादा एका सकाळी न सांगता आला, रोशनच्या ढिगाभोवती काट्यांचं कुंपण घातलं, गुरं शिरू नयेत म्हणून. मग तिथेच बसून राहिला. ती चहा घेऊन गेली तर त्याने चहा घेतला. तिच्या हातचा, इतक्या वर्षांनी.

मग तिने विचारलं, "तुमी बोलल्या का त्याच्याशी?" कोणाशी, ते मला विचारावं लागलं नाही.

"भांडले, मावशी."

पलीकडे बाजाराचा गोंगाट चालू होता. ती म्हणाली, "भांडा. पन गप नका बसू."

या रविवारी चर्चला गेले. शेवटच्या बाकावर बसले. गाता आलं नाही, पण बसले होते.