खडूवरचा अंगठा

सहावीच्या वर्गात मी इंग्रजीचं डिक्टेशन घालते, तेव्हा हल्ली मुलांचे अंगठे आधी हलतात. कोऱ्या वहीवर दोनतीनदा टकटक करतात आणि थांबतात. दोन अक्षरं उमटली की मोबाइलसारखा अख्खा शब्द वर येईल, अशी वाट बघत मुलं बसून राहतात. ओरडून झालं, समजावून झालं. आता नुसतं रडू येतं.

लहानपणी मी स्पेलिंगं चालीवर पाठ करायचे. आई भाकऱ्या थापत ऐकायची. तिला एबीसीडीसुद्धा येत नव्हती, पण माझं एखादं अक्षर गळलं की तिचा हात थांबायचा. "चाल मोडली गं. परत म्हण."

काल फळ्यावर 'नेसेसरी' लिहायला घेतलं आणि मधेच खडू अडला. वीस वर्षं शिकवलेला शब्द! मनात ती चाल शोधशोध शोधली, एक सूर सापडेना. कितीतरी दिवसांत मीही एक शब्द स्वतःचा स्वतः पुरा केलेला नाही.

"बाई, पुढे?" कुणीतरी विचारलं.

मी हाताकडे पाहिलं. खडूवर माझा अंगठा टकटक करत होता.