कुजबुजसुद्धा नाही

"डाव्या स्वरतंतूवर पॉलिप आहे," डॉक्टर मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून सांगितले.

नाकातून बारीक नळी घालून स्वरयंत्र पाहतात, त्या तपासणीला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. दुखत नाही, डोळ्यांतून पाणी मात्र येते. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या आणि डावीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा लालसर फुगवटा दिसत होता. पॉलिप म्हणजे असा मऊ फुगवटा. बहुतेकदा साधाच असतो, पण काढून तपासल्याशिवाय कोणी खात्री देत नाही.

"आवाजाचं काम आहे का? शिक्षक? भजन-कीर्तन?"

"नाही. सातपूरला कारखान्यात स्टोअरला होतो. व्हीआरएस घेतली." मग खरे ते सांगितले. "दर रविवारी पॉडकास्ट करतो."

तो शब्द समजावून द्यावा लागला. २००७ साली तो सगळ्यांनाच समजावून द्यावा लागे. आपले बोलणे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवायचे, ज्याला हवे तो उतरवून घेऊन ऐकतो.

"किती जण ऐकतात?"

"त्रेसष्ट."

"मग त्या त्रेसष्ट जणांना कळवा, आहेरकाकांचा आवाज रजेवर आहे. ऑपरेशनआधी दहा दिवस बोलायचं नाही."

तीन महिने आवाज बसलेला होता आणि ते मी मिठाच्या गुळण्या व ज्येष्ठमध यांवर काढले होते. तुमचे असे झाले तर इतके थांबू नका.

माझे एकाहत्तर भाग झाले होते, प्रत्येक वीस मिनिटांचा. आठवड्याचे कमाल-किमान तापमान, गंगापूर धरणातला साठा, कांद्याचे भाव, कोणता रस्ता खोदला आहे. माहितीची आवड म्हणून करतो, असे मी सांगत असे. पत्नी सुमती चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी अस्मिता बंगळुरूला असते, आणि ती वीस मिनिटे सोडली तर आठवडाभरात माझे सलग बोलणे कुठेच होत नव्हते, हे मी कोणाला सांगितले नव्हते. गाठ साधी नसली तर काय, ही भीती होतीच. पण आवाज परत आलाच नाही तर काय, ही तिच्याहून मोठी निघाली.

म्हणून मी एक चूक केली. बोलायचे नाही म्हणजे मोठ्याने बोलायचे नाही, असा अर्थ लावला. माईक चार इंचांवर घेतला आणि बहात्तरावा भाग कुजबुजत रेकॉर्ड केला. नियम पाळून काम भागवले, याचे समाधानही वाटले. पुढच्या रविवारी त्र्याहत्तरावा.

दहाव्या दिवशी मॅडमनी पुन्हा नळी घातली. दोन्ही तंतू सुजलेले होते.

"बोललात?"

"नाही. नुसतं कुजबुजलो."

"काका, कुजबुजताना स्वरयंत्रावर बोलण्याइतकाच ताण येतो. कधी जास्तच. कुजबुजसुद्धा नाही. खाकरायचंही नाही. ऑपरेशन आठ दिवस पुढे."

हे आठ दिवस माझे मीच वाढवून घेतले. तुम्ही वाढवू नका.

ऑपरेशनला मायक्रोलॅरिंजियल सर्जरी म्हणतात. पूर्ण भूल देऊन तोंडातून सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढतात, बाहेर टाका येत नाही. संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागते. अस्मिताचे बाळ दोन महिन्यांचे, म्हणून तिला 'किरकोळ आहे' एवढेच कळवले होते. शेजारच्या पगारे वहिनी शाळेतून रजा काढून आल्या. काउंटरवर विचारले, "पेशंटचं कोण?" वहिनी म्हणाल्या, "शेजारीण. चालत नसेल तर बहीण लिहा." त्यांनी खरोखर बहीण लिहिले.

मी शुद्धीवर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "गाठ निघाली. बायॉप्सीचा रिपोर्ट सात दिवसांनी. आता चौदा दिवस मौन. काय सांगायचं ते वहीत लिहा."

बायॉप्सी म्हणजे काढलेला तुकडा कर्करोगासाठी तपासणे.

मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या दिवशी नऊ वाक्ये लिहिली, त्यांतली सहा दवाखान्यातल्या माणसांसाठी. दुसऱ्या दिवशी घरी चार. तिसऱ्या दिवशी एक, 'दूध उद्या अर्धाच लिटर.' चौथ्या दिवशी पान कोरे राहिले आणि कोणाचे काही अडले नाही. आजाराने माझे बोलणे थांबवले असे मी समजत होतो. वही पाहिल्यावर कळले, थांबवण्यासारखे फारसे नव्हतेच.

पाचव्या दिवशी कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेलो. हिराबाई मखमलाबादहून भाजी घेऊन बसते. तिला वही दाखवली. ती हसली.

"भाऊ, मला वाचता येत नाय. तोंडानं सांगा."

मी घशाकडे बोट करून हात हलवला.

"मुका झाला का काय? लय बरं झालं. रोज नुसतं मेथी कशी, कोथमीर कशी, अन् चालले. आज मी बोलते, तुम्ही ऐका."

आणि ती बोलली. गुलाबाच्या वाफ्यात मेथी का लावली, सुनेशी का पटत नाही, जावई पाया पडतो पण डोळ्याला डोळा देत नाही. तोंडाने बोलताना बोटे जुड्या बांधत होती. चार वर्षे तिच्याकडून भाजी घेत होतो आणि तिला सून आहे हे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर नेला, दाखवला, मानेने विचारले. "घ्या की," ती म्हणाली, "पण सुनेचं काढून टाका." मी काढून टाकले. चौऱ्याहत्तरावा भाग अकरा मिनिटांचा, त्यात माझा एकही शब्द नाही. पंचाहत्तरावा पगारे वहिनींचा.

रिपोर्ट साधा आला. वहिनींनी तो जिन्यातच दोनदा मोठ्याने वाचला.

मौन सुटल्यावर मॅडमनी दिवसाला दहा मिनिटे बोलायची परवानगी दिली. आवाज परत आला, पूर्वीपेक्षा जाड आणि कडेला फाटका. ऐकणारे त्रेसष्टांचे एकोणपन्नास झाले. एकाने धरणाचा साठा का देत नाही असे विचारले. नवे भाग ऐकून अस्मिताचा फोन आला, "बाबा, तुम्ही त्यात कुठे आहात?" तिला सगळे सांगितले. रडली, रागावली. त्यात सहा मिनिटे गेली.

नवी पद्धत मी तशीच ठेवली. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे.

महिन्याभराने हिराबाईचे पुन्हा रेकॉर्डिंग केले. संपल्यावर मी रेकॉर्डर बंद करून खिशात टाकला. ती पाट्यांवर ओले फडके टाकत होती.

"सगळ्यांचं ईचारता," ती म्हणाली. "तुमची बाई कशानं गेली?"

एकाहत्तर भाग, वीस-वीस मिनिटे. त्यांत सुमतीचे नाव एकदाही नव्हते. मी तिथेच पालथ्या पाटीवर बसलो आणि सांगितले. दोन वर्षांचे डायलिसिस, तिला वर्ज्य असलेले केळे तिने एकदा चोरून खाल्ले त्याबद्दल मी धरलेला अबोला, आणि तो अबोला पुरता सुटायच्या आत तिचे जाणे. हिराबाईने मध्ये एकही शब्द घातला नाही.

घड्याळ पाहिले तेव्हा चौदा मिनिटे झाली होती. परवानगीपेक्षा चार जास्त. पुढच्या तपासणीला मॅडमना ते खरे सांगितले.