धुराड्यातलं वळण

रिकार्टनच्या आमच्या जुन्या घरातला, खोल्या गरम ठेवणारा बॉयलर भर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, बंद पडला आणि आईनं जाहीर केलं, ‘घर असंच गारठलेलं राहणार असेल, तर मी आपली पुण्याला परत जाते.’ ती कायमची राहायला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मला फार लागलं ते.

नवा बॉयलर आला. जुन्याचा धूर भिंतीतून थेट बाहेर जायचा, पण त्याच्या अगदी समोर आता शेजाऱ्यांनी खिडकी काढली होती. एकच वाट उरली: बैठकीच्या खोलीतलं, वर्षानुवर्षं फळी ठोकून बंद केलेलं धुराडं. बॉयलर बसवायला आलेल्या गॅसवाल्यानं आत कॅमेरा सोडून पाहिलं. विटा शाबूत होत्या, पण मध्यावर एक वळण होतं. धुराचा पाइप तिथून गेला नाही तर बॉयलर परत न्यावा लागेल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

त्याचा जोडीदार आजारी होता. मग तो छपरावरून लवचिक पाइप सोडणार आणि खाली शेकोटीच्या जागेत बसून मी त्याच्या टोकाला बांधलेला दोर ओढणार, असं ठरलं. पाइप वळणाशी आला आणि अडला. तो वरून रेटतोय, मी खालून ओढतेय, आई शाल गुंडाळून मागे उभी. चौथ्यांदा अडल्यावर वरून आवाज आला, ‘सॉरी, नो गुड!’

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी आतड्यांच्या दुर्बीण-तपासणीला उभी राहते. आई पुण्यात सगळ्यांना ‘हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर आहे’ असं सांगते. मी नर्स आहे. नळी वळणावर अडली की रेटायची नसते, हे मला झोपेतही ठाऊक आहे. धुराड्यात तोंड घालून मी ओरडले, ‘स्टॉप पुशिंग! पुल इट बॅक अ बिट! नाउ ट्विस्ट, स्लोली!’ दोर सैल सोडला. पाइप हलकेच फिरला आणि सरसरत माझ्या मांडीवर आला, काजळीसकट.

‘स्वीट ॲज!’ म्हणजे एकदम झकास, अशी वरून आरोळी आली. खाली उतरल्यावर, हे कुठं शिकलीस, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितल्यावर तो हसतच सुटला. हसू दे. पाइप माझ्यामुळे गेला, आणि हे मी त्या हिवाळ्यात भेटेल त्याला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी आई गरम रेडिएटरला पाठ लावून मावशीशी फोनवर बोलत होती. ‘आता कुठली येतेय मी! अगं, नर्स आहे ना माझी मुलगी, तिनंच तर पाइप उतरवला.’

मी आत नखांतली काजळी घासत होते. पुढचं नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला.